सममूल्य अपूर्णांक मुलांना रोजच्या व्यवहारातून कसे समजवायचे?

गौरी_नौपाडा
नमस्कार मंडळी. मुलगी पाचवीत आहे, मराठी माध्यम, बालभारतीचं पुस्तक. सममूल्य अपूर्णांकांची गणितं ती बिनचूक सोडवते. २/३ = □/१२ दिसलं की चौकटीत ८ लिहून मोकळी होते. छेदाला ४ ने गुणलं म्हणून अंशालाही ४ ने गुणायचं, हा नियम तोंडपाठ आहे. पण ३/४ किलो जास्त की ६/८ किलो जास्त, असं विचारलं की लगेच उत्तर येतं, "६/८, आकडे मोठे आहेत ना!" म्हणजे वहीतलं 'बरोबर' हे चिन्ह तिच्यासाठी फक्त दोन चौकटींच्या मधलं चिन्ह आहे. दोन्हीकडे एकच वस्तू आहे, हे तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

गणितं आणखी नको आहेत, ती पुष्कळ झाली. घरात, बाजारात, गाडीत जे हाताशी असतं त्यातून हे कसं दाखवाल? ठाणे-नवी मुंबईकरांनी आपल्या आजूबाजूची उदाहरणं दिली तर जास्त बरं, ती तिला लगेच दाखवता येतील.

सुगरण_ऐरोली
गौरी, ताटात थापलेल्या वड्या घे. खोबऱ्याच्या, आलेपाकाच्या, कुठल्याही चालतील. थाळा मात्र गोल नको, चौकोनी ट्रे असू दे.

वड्या कोमट असताना सुरीने फक्त उभे तीन काप दे. चार सारख्या पट्ट्या झाल्या. तिला सांग, यातल्या तीन पट्ट्या शेजारच्या काकूंच्या, एक आपली. काकूंच्या वाट्याला काय आलं? ३/४. कडेला पिठाने रेघ ओढून ठेव म्हणजे हिस्सा दिसत राहील. आता त्याच ट्रेमध्ये आडवे दोन काप दे. प्रत्येक पट्टीचे तीन तुकडे झाले, एकूण वड्या १२, काकूंच्या बाजूला ९. पिठाची रेघ जिथल्या तिथे आहे. काकूंना एक कणही जास्त मिळाला नाही, आपला एक कणही गेला नाही. ३/४ तेच ९/१२.

हे करताना मुलीच्या हातात सुरी दे (बोथट असली तरी चालते, वड्या कोमट असतात). आपण कापून दाखवणं आणि तिने कापणं यात फार फरक पडतो. अंशाला तीनने गुणणं आणि छेदाला तीनने गुणणं ही तिला दोन वेगवेगळी कामं वाटत असणार. इथे ती बघते की सुरी एकदाच फिरली आणि दोन्ही आकडे एकदम तिप्पट झाले.

वर्गशिक्षिका_कोपरखैरणे
सुगरणताईंनी अगदी मुद्द्यावर बोट ठेवलं आहे. मी पाचवी-सहावीला गणित शिकवते, त्यात दोन गोष्टींची भर घालते.

पहिली गोष्ट गोल आकाराची. पोळी, पिझ्झा, केक यांची चित्रं सगळीकडे असतात, पण मुलाला वर्तुळाचे तीन किंवा पाच सारखे भाग हाताने करता येत नाहीत. भाग लहानमोठे होतात आणि 'समान भाग' ही मूळ अटच मोडते. त्या चित्रावरून मूल काय शिकणार? कागदाची लांब पट्टी घ्यावी. दोन, चार, आठ भाग घड्या घालून नेमके होतात. तीन भाग करायला थोडा सराव लागतो, पण तेही जमतात.

दुसरी गोष्ट, 'दोघांना एकाच संख्येने गुणलं' हे वाक्य शेवटी यावं. आधी मुलाने स्वतःच्या शब्दांत म्हणायला हवं, "तुकडे तिप्पट झाले, पण प्रत्येक तुकडा तिसऱ्या हिश्शाएवढा बारीक झाला." तुकड्यांची संख्या आणि तुकड्याचा आकार हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात राहिले की ६/८ हे ३/४ पेक्षा मोठं वाटणं थांबतं. आज तुमची मुलगी फक्त संख्या बघते आहे.

कोपरीकर
ठाण्यात लोकल सोडून कसं चालेल! मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर गाडी १२ डब्यांची की १५ डब्यांची हे लिहिलेलं असतं. मुलीला विचारा, १२ डब्यांच्या गाडीचे पहिले ४ डबे म्हणजे गाडीचा कितवा हिस्सा? आणि १५ डब्यांच्या गाडीचे पहिले ५ डबे? ४/१२ आणि ५/१५, दोन्ही १/३. शिवाय ४ ला कुठल्याही पूर्ण संख्येने गुणून ५ मिळत नाहीत, त्यामुळे नुसती पाठ केलेली युक्ती इथे चालत नाही. दोन्ही अपूर्णांक संक्षिप्त रूपात आणावे लागतात, आणि तेव्हाच ते एक आहेत हे कळतं.

चौकस
कोपरीकर, उदाहरण आवडलं, पण ते मुलीला गोंधळात टाकेल. चार डब्यांत मावणारी माणसं आणि पाच डब्यांत मावणारी माणसं सारखी नाहीत. वड्यांच्या ट्रेमध्ये ३/४ आणि ९/१२ म्हणजे खरोखर तेवढीच वडी होती. इथे ४/१२ आणि ५/१५ सममूल्य म्हणताय, पण एकीकडे चार डबे आणि दुसरीकडे पाच. मुलगी म्हणेल, "पाच डबे जास्त आहेत." आणि ते खरंच आहे!

कोपरीकर
चौकस, पण अपूर्णांक सममूल्य आहेत हे तरी मान्य ना?

वर्गशिक्षिका_कोपरखैरणे
दोघांचंही म्हणणं रास्त आहे, आणि या धाग्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अपूर्णांक एकटा कधीच नसतो. तो कशाचा तरी असतो. १/३ म्हटलं की पुढचा प्रश्न 'कशाचा?' हाच हवा. ट्रेमध्ये 'कशाचा' हे बदललं नव्हतं, तोच ट्रे होता. म्हणून हिस्साही तोच आणि वडीही तेवढीच. लोकलमध्ये पूर्ण वस्तूच बदलली. १५ डब्यांची गाडी लांब आहे, त्यामुळे तिचा तिसरा हिस्साही लांब आहे. दोन्ही ठिकाणी प्रमाण सारखं आहे, वस्तू मात्र कमीजास्त आहे.

म्हणून मी वर्गात क्रम ठरवून घेतला आहे. पहिले काही दिवस एकच पूर्ण वस्तू, तीच वेगवेगळ्या तऱ्हेने कापायची. ट्रे, कागदाची पट्टी, घड्याळाची तबकडी, एक किलो भाजी. ते पक्कं झाल्यावर पूर्ण वस्तू बदलायची, म्हणजे १२ डबे आणि १५ डबे. तेव्हा मुलांना मुद्दाम दोन प्रश्न विचारते: हिस्सा सारखा आहे का? डबे सारखे आहेत का? पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. ही दोन उत्तरं एकत्र नांदू शकतात हे ज्या दिवशी मूल मान्य करतं, त्या दिवशी सहावी-सातवीतल्या गुणोत्तर-प्रमाणाची अर्धी तयारी झालेली असते.

पुष्कळ पुस्तकांत आणि व्हिडिओंत या दोन प्रकारची उदाहरणं एकापाठोपाठ येतात, फरक सांगितला जात नाही. माझ्या मते मुलांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

चौकस
पटलं. 'कशाचा' हा प्रश्न विचारण्याची सवय मोठ्यांनाही लागावी. '५०% जास्त' म्हणणाऱ्या प्रत्येक जाहिरातीला तो विचारायला हवा.

वाशीचा_दिनेश
वाचतोय. धागा निवडक दहात टाकला आहे.

मंडईवाला
जांभळी नाक्यावर भाजी घेताना एक गोष्ट मुलीला दाखवा. हल्ली बऱ्याच जणांकडे इलेक्ट्रॉनिक काटा आला आहे, पण तराजू आणि वजनं असलेले भाजीवाले अजून सापडतात. पाव किलो मिरच्या मागा आणि भाजीवाला पारड्यात काय टाकतो ते बघा. तो दोन वजनं टाकतो: २०० ग्रॅम आणि ५० ग्रॅम. २५० चं वजन त्याच्याकडे नसतंच. आपली प्रमाणित वजनं १, २, ५ च्या चालीने जातात: ५० ग्रॅम, १०० ग्रॅम, २०० ग्रॅम, ५०० ग्रॅम, १ किलो, २ किलो, ५ किलो. एवढ्या मोजक्या वजनांत सगळी मापं बसवता येतात.

आता गणित बघा. २०० ग्रॅम म्हणजे किलोचा १/५. ५० ग्रॅम म्हणजे किलोचा १/२०. भाजीवाला रोज १/५ + १/२० करतो आणि त्याचं उत्तर १/४ येतं. कसं? ५० ग्रॅमचा एक तुकडा धरा. एका किलोत असे २० तुकडे. २०० ग्रॅम म्हणजे त्यातले ४, म्हणजे १/५ = ४/२०. त्यात एक मिळवा, ५/२०. आणि ५/२० म्हणजेच १/४. पाऊण किलोला ५०० + २०० + ५०, म्हणजे १०/२० + ४/२० + १/२० = १५/२० = ३/४.

छेद सारखा का करायचा, हे पारड्यात कळतं. पाचव्या हिश्शात विसावा हिस्सा तसाच मिळवता येत नाही, दोन्ही एकाच मापात आणावे लागतात. सममूल्य अपूर्णांक शिकायचे ते मुख्यतः याच कामासाठी.

गौरी_नौपाडा
मंडईवाले दादा, हे फारच उपयोगी आहे! २०० आणि ५० ची वजनं वर्षानुवर्षं बघतेय, त्यात अपूर्णांकांची बेरीज आहे हे डोळ्यांसमोर असून कधी लक्षात आलं नव्हतं. शनिवारी तिला घेऊन मंडईत जाते.

सानपाडा_स्वाती
भिंतीवरचं घड्याळ विसरू नका, काट्यांचं. त्याच तबकडीवर दोन मोजपट्ट्या असतात: तासांचे १२ भाग आणि मिनिटांचे ६०. काटा १२ वरून ३ वर नेला की तो १२ पैकी ३ घरं चालला आणि ६० पैकी १५ रेघा. ३/१२ = १५/६० = १/४. काटा एक, कोन एक, दोन नावं. दर दोन आकड्यांच्या मधल्या ५ मिनिटांच्या रेघा म्हणजे सुगरणताईंचे आडवे काप. पाऊण तासाला ९/१२ आणि ४५/६०. २० मिनिटं म्हणजे २०/६०, काटा ४ वर, म्हणजे ४/१२, म्हणजे १/३. यासाठी काहीच आणावं लागत नाही, जेवताना समोर असतं.

गौरी_नौपाडा
ट्रे झाला, घड्याळ झालं. दोन्ही जमलं. आता नवा प्रश्न. ती म्हणते, दोघांना एकाच संख्येने गुणलं तर चालतं, मग दोघांत एकच संख्या मिळवली तर का नाही? "२/३ मध्ये वर २ आणि खाली २, झाले ४/५. दोघांना सारखंच दिलं की!" चुकीचं आहे हे मी सांगू शकते, पण का चुकीचं, हे तिला पटेल असं कसं सांगू?

सुगरण_ऐरोली
पुन्हा वड्याच! ताटात तीन वड्या, त्यातल्या दोन पाहुण्यांना दिल्या. दिला २/३ भाग, उरली एक. आता आणखी दोन वड्या आणा आणि त्या दोन्ही पाहुण्यांनाच द्या. दिला ४/५ भाग. दोन्ही वेळा आपल्याला उरली एकच वडी, पण आधी ती तिनांतली एक होती, आता पाचांतली एक. आपला हिस्सा १/३ वरून १/५ झाला, म्हणजे पाहुण्यांचा वाढला. मग सारखं कुठे राहिलं?

गुणताना आपण ताटातलंच कापतो. मिळवताना बाहेरून आणतो. बाहेरून आणलं की ताट बदललं.

वर्गशिक्षिका_कोपरखैरणे
वा! हे मी उद्या वर्गात वापरणार. तिला १/२ पासून सुरुवात करायला सांगा: वर-खाली १ मिळवत जा. १/२, २/३, ३/४, ४/५, ५/६... अर्धं होतं ते वाढत वाढत पूर्णाच्या जवळ चाललं आहे, हे ती स्वतःच बघेल. आणि गुणायच्या नियमातही एक अपवाद आहे तो आत्ताच सांगून ठेवा, शून्याने गुणायचं नाही. ०/० ला काही अर्थ नाही. शून्य तुकडे कुणी केले, विचारा तिला.

तिसरा_पंच
क्रिकेटप्रेमी कुणीच आलेलं दिसत नाही, म्हणून मी लिहितो.

टी-२० मध्ये एका गोलंदाजाला जास्तीत जास्त ४ षटकं मिळतात, एकदिवसीय सामन्यात १०. मुलं म्हणतात, वनडेत गोलंदाजाला जास्त संधी. पण ४/२० = १०/५० = १/५. नियम एकच आहे, डावाचा पाचवा हिस्सा. पाऊस आला आणि सामना ४० षटकांचा झाला तर ८, ३० चा झाला तर ६. आणि ४२ षटकांचा झाला तर? ४२ चा पाचवा हिस्सा पूर्ण संख्येत येत नाही. मग दोन गोलंदाज ९ षटकं टाकू शकतात, बाकीचे ८. (२ × ९ + ३ × ८ = ४२, करून बघा.)

याच्या उलटही दाखवा. टी-२० चा पॉवरप्ले पहिल्या ६ षटकांचा, वनडेचा पहिला पॉवरप्ले १० षटकांचा. ६/२० आणि १०/५० सारखे आहेत का? ६/२० = १५/५०. म्हणजे टी-२० चं प्रमाण वनडेला लावलं असतं तर तिथे पॉवरप्ले १५ षटकांचा झाला असता. सममूल्य नसलेली जोडीही मुलांसमोर यायला हवी, नाहीतर समोर दोन अपूर्णांक आले की ती सारखेच असणार, असं त्यांना वाटू लागतं.

आणखी एक. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, ती धावसंख्या घरात सगळ्यांना पाठ असेल. भारत २९८/७, दक्षिण आफ्रिका ४५.३ षटकांत सर्व बाद २४६. यातलं २९८/७ हा अपूर्णांक नाही. आणि ४५.३ हा दशांश अपूर्णांक नाही! ते ४५ षटकं आणि ३ चेंडू आहेत. षटकात चेंडू ६, म्हणून ३/६, म्हणजे १/२. साडेपंचेचाळीस षटकं. बिंदूनंतरच्या आकड्याचा छेद १० नसून ६ आहे, हे मुलांना फार आवडतं.

घणसोली_गाव
तिरक्या रेघेवरून आठवलं, सातबाऱ्यावरच्या ७/१२ लाही पोरं अपूर्णांक समजतात. तो गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. पण जमिनीतच खरे अपूर्णांक भरपूर आहेत, आणि नवी मुंबईच्या गावांत तर प्रत्येक घराला एक अपूर्णांक ठाऊक आहे: साडेबारा टक्के.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवी मुंबईसाठी आमच्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या. १९८४ चं जासईचं आंदोलन, त्यातले हुतात्मे, दि. बा. पाटलांचं नेतृत्व, हे सगळं या योजनेमागे आहे. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत, अशी ती योजना.

आता हिशेब. १२.५/१००. अंशात अर्धं आहे, म्हणून दोघांना २ ने गुणा: २५/२००. दोघांना २५ ने भागा: १/८. आमच्याकडची जुनी माणसं टक्के बोलत नाहीत, सरळ 'एकराला पाच गुंठे' म्हणतात. एकरात ४० गुंठे, त्याचा आठवा हिस्सा ५. म्हणजे ५/४० = १/८ = १२.५/१००. तिन्ही एकच.

पुढे जाऊ. या साडेबारामधून पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा होतात आणि हाती पावणेनऊ टक्के येतात. ३.७५/१०० ला दोन्हीकडे ४ ने गुणलं की १५/४००, म्हणजे ३/८०. चाळीस गुंठ्यांचे ३/८० म्हणजे दीड गुंठा. पाचातून दीड गेला, साडेतीन राहिले. आता वर्गशिक्षिकाताईंचा प्रश्न विचारा. तो दीड गुंठा कितवा हिस्सा? एकराचा म्हणाल तर ३/८०. पाच गुंठ्यांचा म्हणाल तर १.५/५, म्हणजे ३/१०. जमीन तीच, दीड गुंठाच, पण एका उत्तरात छेद ८० आहे आणि दुसऱ्यात १०. 'कशाचा' हे न विचारता बसलेली माणसं इथे तासन् तास भांडतात, आणि दोघांचाही हिशेब बरोबर असतो.

वर्गशिक्षिका_कोपरखैरणे
घणसोली_गाव, माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरात हे बोललं जातं. इतकं जवळचं उदाहरण पाठ्यपुस्तकाला कधीच देता येणार नाही. मनापासून आभार.

निवृत्त_मास्तर
सर्व चर्चा वाचली. आमच्या पिढीला हा विषय वेगळ्या वाटेने आला, तो सांगतो.

१ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. नंतर रुपयाचे १०० नवे पैसे. रुपया तोच राहिला, तुकडे मात्र बदलले. चार आणे = ४/१६ = १६/६४ = २५/१०० = १/४. आठ आणे ५० नवे पैसे, बारा आणे ७५. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

अडचण एका आण्याची. १/१६ ला छेद १०० करायचा तर अंश ६.२५ येतो, आणि सव्वासहा नव्या पैशांचं नाणं काही निघालं नाही. म्हणून कोष्टक ठरलं: एका आण्याला ६ नवे पैसे, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चार आण्यांना २५. मुलांनो, फरक बघा. एक आणा तीन वेळा दिला तर ६ + ६ + ६ = १८, तीन आणे एकदम दिले तर १९. सोळा वेळा एकेक आणा दिला तर ९६ नवे पैसे, म्हणजे रुपयाला ४ कमी! ६/१०० हा १/१६ ला सममूल्य नाही, नुसता जवळचा आहे. 'जवळचा' आणि 'सममूल्य' यांतला फरक त्या काळी वाण्याच्या दुकानात रोज दिसत असे.

कुठल्याही अपूर्णांकाला हवा तो छेद देता येतो, पण अंश पूर्ण संख्या येईलच असं नाही. चतुर्थांशाला १०० चालतो, कारण ४ ने १०० ला भाग जातो. सोळाव्या हिश्शाला चालत नाही.

आणि पालकांना सुचवतो, पावकी, निमकी, पाऊणकी मुलांकडून थोडी म्हणवून घ्या. सहा पाव म्हणजे दीड, आठ पाव म्हणजे दोन, दहा पाव म्हणजे अडीच. ६/४ = ३/२ हे आम्ही लिहायला शिकण्याआधी म्हणायला शिकलो होतो.

सुगरण_ऐरोली
मास्तर, फारच छान. इडलीचं एक राहिलं. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ. इथे पुष्कळ जण डाळीला १/३ म्हणतात.

चौकस
तांदळाच्या १/३, बरोबरच आहे की.

सुगरण_ऐरोली
तांदळाच्या १/३, पण एकूण चार वाट्यांच्या १/४. पाहुणे आले आणि सहा वाट्या तांदूळ, दोन वाट्या डाळ घेतली तर २/६ आणि २/८. पहिला १/३, दुसरा १/४, घोळ नाही. घोळ होतो तो एकीकडे तांदूळ धरला आणि दुसरीकडे एकूण धरलं की.

गौरी_नौपाडा
सगळ्यांचे खूप आभार. शेवटची एक अडचण. तिने स्वतःच ६/८ आणि ९/१२ लिहून विचारलं की हे सारखे आहेत का. ८ ला कुठल्याच पूर्ण संख्येने गुणून १२ होत नाहीत. तिच्या शिकवणीत तिरका गुणाकार करायला सांगितलं: ६ × १२ = ७२, ८ × ९ = ७२, म्हणून सारखे. उत्तर मिळालं, पण तिरकं का गुणायचं हे कुणी सांगितलं नाही.

वर्गशिक्षिका_कोपरखैरणे
पुन्हा ट्रेच घ्या, पण आता कागदावर काढा. सारख्या आकाराचे दोन आयत. एकाचे ८ सारखे उभे भाग करा, ६ रंगवा. दुसऱ्याचे १२, ९ रंगवा. तुलना करता येत नाही, कारण तुकड्यांचे आकार वेगळे आहेत. मग पहिल्यातल्या प्रत्येक भागाचे १२ बारीक तुकडे करा आणि दुसऱ्यातल्या प्रत्येकाचे ८. दोन्हीकडे एकूण ९६ तुकडे, सगळे एकाच मापाचे. पहिल्यात रंगवलेले ६ × १२, दुसऱ्यात ९ × ८. तिरका गुणाकार म्हणजे दोन्हीकडचे रंगवलेले तुकडे मोजणं. छेद दोन्हीकडे ९६ च येणार हे आधीच माहीत असतं, म्हणून तो कुणी लिहीत नाही, आणि न लिहिल्यामुळे मुलांना ती जादू वाटते. महिनाभर तरी तो ९६ तिला लिहायला लावा: ७२/९६ आणि ७२/९६.

९६ तुकडे फार वाटले तर लसावि २४ घेऊन १८/२४ आणि १८/२४ करता येतं. किंवा दोन्ही संक्षिप्त रूपात नेऊन ३/४ आणि ३/४. तिन्ही वाटा तिला एकाच कागदावर करू द्या.

मंडईवाला
गौरीताई, आता मुलगी तयार झाली आहे, तर तिला एक कोडं घाला. ३/४ किलो आणि ४/५ किलो यांच्या मधलं वजन सांग.

छेद २० केला तर १५/२० आणि १६/२०. ती म्हणेल, मध्ये काहीच नाही, पंधरानंतर सोळाच. ५० ग्रॅमच्या वजनांनी मोजणाऱ्या भाजीवाल्यालाही मधलं वजन तोलता येणार नाही, ७५० नंतर थेट ८००. मग तिला सांगा, प्रत्येक तुकडा अर्धा कर. ३०/४० आणि ३२/४० होतात आणि मध्ये ३१/४० सापडतो. तो ७७५ ग्रॅम. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघू दे. नंतर विचारा, ३१/४० आणि ३२/४० यांच्या मध्ये?

गौरी_नौपाडा
६३/८०. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं तिने, मी पोस्ट वाचून दाखवत होते. आता छेद १६० करत बसली आहे.